झोपी गेलेल्याची अमानत

बुद्धी ही अल्लाहने मानवाला दिलेली अशी देणगी आहे की, तिच्यामुळेच तो शरीअतच्या आदेशांना बांधील ठरतो. वेडा, अजाण बालक आणि झोपलेला माणूस यांच्यावरून लेखणी उचलली गेली आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सर्वश्रुत आहे. इमाम गजाली (रह.) यांनी शरीअतचे पाच मूलभूत उद्देश सांगितले, ते असे : धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि संपत्ती यांचे रक्षण. या पाचांत बुद्धीला स्वतंत्र स्थान आहे. मद्य व मादक पदार्थ निषिद्ध ठरण्याचे मुख्य कारणही हेच की, ते बुद्धीवर पडदा टाकतात. ‘खम्र’ या अरबी शब्दाच्या मुळाशी झाकण्याचाच अर्थ आहे.

परंतु आयुष्यात एक प्रसंग असा येतो की, माणूस पूर्ण विचारांती, कागदावर सही करून, आपली शुद्ध दुसऱ्याच्या हाती सोपवतो. तो प्रसंग म्हणजे शस्त्रक्रिया. शिर्डीत श्री साईबाबा संस्थानच्या रुग्णालयांत दूरदूरच्या गावांतून रुग्ण येतात. जवळच लोणीला वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे मोठे रुग्णालय आहे. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, संगमनेर या भागांतील आपली कुटुंबेही याच दारांशी उभी राहतात. शस्त्रक्रियागृहाचे दार बंद होते, बाहेर आई तसबीह घेऊन बसते, आणि आत एक अनोळखी माणूस तिच्या मुलाचा श्वास आपल्या हाती घेतो. तो माणूस म्हणजे भूलतज्ज्ञ. शल्यविशारदाचे नाव सर्वांना ठाऊक असते. भूलतज्ज्ञाचे नाव मात्र बहुधा कोणी विचारतही नाही.

या लेखाचा विषय त्या माणसावर येणारी एक कठीण परीक्षा आणि तिच्यातून उद्भवणारा एक नैतिक प्रश्न हा आहे.

भूल आणि शरीअत

प्रथम एक शंका दूर करणे आवश्यक आहे. बुद्धी झाकणारे औषध शस्त्रक्रियेसाठी देणे वैध आहे काय? आदरणीय उरवा बिन जुबैर (रह.) यांच्या पायाला असाध्य व्याधी जडली. पाय कापण्यापूर्वी त्यांना गुंगी आणणारे पेय देऊ केले गेले. ते त्यांनी नाकारले आणि शुद्धीवर असतानाच पाय कापून घेतला, असे चरित्रग्रंथांत येते. ते त्यांचे वैयक्तिक धैर्य होते. सर्वसामान्यांसाठी धर्मशास्त्रज्ञांनी सवलतीचा मार्ग मोकळा ठेवला. सडलेला अवयव कापण्यासाठी औषधाने शुद्ध हरपणे वैध असल्याचे इमाम नववी (रह.) यांनी नमूद केले आहे. इब्ने सीना यांच्या वैद्यकग्रंथात अफू व तत्सम गुंगीकारक वनस्पतींचा असा उपयोग सांगितलेला आहे. जो लाचार झाला, पण ज्याच्या मनात अवज्ञा नाही आणि जो मर्यादा ओलांडत नाही, त्याच्यावर गुन्हा नाही, हे दिव्य कुरआनचे तत्त्व (२:१७३) याच्या मुळाशी आहे.

म्हणजे एकच कुपी दोन माणसांसाठी दोन वेगळ्या गोष्टी ठरते. मेजावर पडलेल्या रुग्णासाठी ती अल्लाहची कृपा आहे. तीच कुपी देणाऱ्याने स्वतःच्या शिरेत रिकामी केली, तर ती निषिद्ध नशा आहे. पदार्थ तोच असतो. गरज, हेतू आणि मर्यादा यांनी त्याचा हुकूम बदलतो.

हातातील धोका

आधुनिक भूल साधारणतः तीन गोष्टी साधते : झोप, वेदनाशमन आणि स्नायूंचे शिथिलीकरण. यासाठी फेंटानिल, मॉर्फीन, केटामाइन, मिडाझोलाम, प्रोपोफॉल यांसारखी औषधे वापरली जातात. फेंटानिल मॉर्फीनपेक्षा सुमारे शंभरपट तीव्र आहे व त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते. इतर डॉक्टर औषध लिहून देतात. ते दुकानदार देतो आणि परिचारिका टोचते. भूलतज्ज्ञ मात्र स्वतःच औषध काढतो, स्वतःच टोचतो आणि उरलेले टाकतोही स्वतःच. एवढ्या तीव्र औषधाशी एवढी एकट्याची जवळीक वैद्यकाच्या क्वचितच दुसऱ्या शाखेत असते. त्यात रात्रपाळ्या, तुटलेली झोप, क्षणात जीव जाण्याची धास्ती आणि ‘मला या औषधाची मात्रा समजते, मला काही होणार नाही’ हा आत्मविश्वास यांची भर पडते.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेत १९७५ ते २००९ या काळात भूलशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेल्या ४४,६१२ डॉक्टरांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ३८४ जण प्रशिक्षणाच्या काळातच व्यसनाधीन झाल्याचे आढळले व त्यांतील २८ जण प्रशिक्षण पूर्ण होण्याआधीच त्यापायी मृत्युमुखी पडले. शेकडा प्रमाण लहान दिसते. पण इथे अनेकदा पहिले लक्षणच मृत्यू असतो. उपचारानंतरही तीस वर्षांच्या काळात शंभरातील सुमारे त्रेचाळीस जण पुन्हा व्यसनाकडे वळतील, असा अंदाज त्याच अभ्यासाने मांडला.

भूलशास्त्राच्या जन्मापासूनच ही छाया त्याच्यासोबत आहे. १८४४ मध्ये हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचा दात काढवून घेतला आणि वेदनारहित शस्त्रक्रियेचा मार्ग दाखवला. पुढे क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करता करता तो त्याच्या आहारी गेला, त्या धुंदीत त्याच्या हातून गुन्हा घडला आणि जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने आत्महत्या केली. जगाला वेदनामुक्त करण्यास निघालेला माणूस स्वतःच्या औषधात बुडाला.

आपल्या भूमीचाही या इतिहासाशी संबंध आहे. निजामाच्या राज्यात, ज्यात आपला मराठवाडा समाविष्ट होता, १८८८ व १८८९ मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या शासनाने त्यांचा खर्च उचलला. क्लोरोफॉर्मने रुग्ण दगावतो तो श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. रुग्णाच्या सुरक्षेसाठी एका मुस्लिम शासकाने खजिना उघडावा, ही अभिमानाची गोष्ट आहे. औषध घेणाऱ्याचा विचार तेव्हा झाला. औषध देणाऱ्या हाताचा विचार व्हायला मात्र जगाला पुढे पुष्कळ काळ लागला.

ज्ञानी आणि रक्षक

सूरह यूसुफमध्ये एक मार्मिक स्थळ आहे. आदरणीय यूसुफ (अ.) यांनी राज्याच्या कोठारांची जबाबदारी मागितली, तेव्हा स्वतःचे दोन गुण सांगितले : ते रक्षक आहेत आणि जाणते आहेत (१२:५५). रक्षण हा गुण ज्ञानाच्या आधी आला आहे. भूलतज्ज्ञ जाणता असतो याबद्दल शंका नाही. पण व्यसनाच्या बाबतीत ज्ञान ढाल ठरत नाही, हे वरील आकडेच सांगतात. ज्यांना फेंटानिलचा परिणाम सर्वांत जास्त ठाऊक होता, तेच त्याच्या सापळ्यात अडकले. याच सूरहमध्ये दोन आयती आधी (१२:५३) मानवी मन वाइटाकडे ओढ घेते, अल्लाहची कृपा होईल तेवढेच वाचते, ही कबुली आहे. ज्याने हे वचन मनापासून स्वीकारले, तो स्वतःवर पहारा बसवून घेण्यात अपमान मानत नाही.

म्हणून कुपीची नोंदवही, उरलेले औषध टाकताना दुसऱ्याची साक्ष आणि रिकाम्या कुप्यांचा हिशेब या गोष्टी अविश्वासाच्या खुणा नाहीत. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि त्यावर साक्षीदार ठेवा, असा आदेश दिव्य कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत (२:२८२) श्रद्धावंतांनाच उद्देशून दिला आहे. काही रुपयांसाठी जर साक्ष हवी, तर प्राणासाठी ती किती हवी! शरीअतमध्ये ज्याला वाइटाची वाट आधीच बंद करणे म्हणतात, त्याचे हे उत्तम उदाहरण होय. १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा आणि २०१४ ची त्यातील दुरुस्ती यांनी वेदनाशमनासाठी लागणारी मॉर्फीन, फेंटानिल यांसारखी औषधे मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना सुलभ केली, पण त्यांच्या साठ्याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. मुस्लिम डॉक्टर, परिचारिका व ओटी तंत्रज्ञ यांनी हे नियम सरकारी कटकट न समजता अमानतीचा भाग समजले पाहिजेत.

झाकावे की सांगावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, शस्त्रक्रियागृहातील एका ओटी तंत्रज्ञाच्या लक्षात येते की, आपले ज्येष्ठ भूलतज्ज्ञ गरज नसताना जादा पाळ्या मागून घेतात, उकाड्यातही लांब बाह्या घालतात, त्यांच्या नोंदीत पूर्ण मात्रा असते आणि तरी त्यांचे रुग्ण शुद्धीवर येताना वेदनेने तळमळतात. तो काय करील? त्याच्यासमोर दोन शिकवणी उभ्या राहतात. एक अशी की, जो मुसलमानाचे दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह इहलोकात व परलोकात झाकील (मुस्लिम). दुसरी अशी की, वाईट दिसले तर ते हाताने, न जमल्यास वाणीने रोखावे. अनेकजण पहिल्या शिकवणीचा आधार घेऊन गप्प बसतात आणि त्या मौनाला पुण्य समजतात.

हा गोंधळ दूर होण्यासाठी झोपलेल्या माणसाकडे पाहावे लागेल. त्याला वेदनाशमनाचे औषध मिळायचे होते, त्याऐवजी त्याच्या शिरेत खारे पाणी गेले असेल, तर शिथिलीकरणाच्या औषधामुळे त्याचे स्नायू हलत नाहीत. भूल उथळ असेल तर वेदना त्याच्यापर्यंत पोहोचते. पण तो ओरडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही. आणि देणारा स्वतः नशेत असेल, तर श्वास थांबल्याचे कळायलाही उशीर होतो. दोष झाकण्याची शिकवण ज्या दोषाची आग दोषी माणसापुरतीच असते, त्याच्यासाठी आहे. इथे आग तिसऱ्याच्या घरात आहे आणि तो तिसरा झोपलेला आहे.

आदरणीय नोमान बिन बशीर (रजि.) यांनी सांगितलेली नौकेची हदीस (बुखारी) अशा वेळी आठवावी. खालच्या मजल्यावरील प्रवाशांना पाण्यासाठी वर जाणे गैरसोयीचे वाटते. वरच्यांना त्रास नको म्हणून ते आपल्याच भागात भोक पाडू पाहतात. वरच्यांनी त्यांना मोकळे सोडले तर सर्व बुडतात, आणि त्यांचा हात धरला तर सर्व वाचतात. लक्षात घेण्यासारखे असे की, हात धरल्याने भोक पाडणाराही वाचतो. दुसऱ्या एका हदीसमध्ये आपल्या बंधूला तो अत्याचारी असो वा पीडित, मदत करण्यास सांगितले आहे, आणि अत्याचाऱ्याला मदत म्हणजे त्याला अत्याचारापासून रोखणे, असा खुलासा स्वतः प्रेषितांनी (स.) केला आहे. व्यसनी भूलतज्ज्ञ एकाच वेळी अत्याचारी आणि पीडित दोन्ही असतो. त्याला रोखणे ही दोघांचीही मदत आहे.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील थोर शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८४-८५ च्या सुमारास कोकेनने भाग बधिर करण्याचे प्रयोग स्वतःवर व सहकाऱ्यांवर केले आणि ते व्यसनात अडकले. पुढे त्यांना मॉर्फीनची सवय लागली. विल्यम ऑस्लर या त्यांच्या सहकाऱ्याला हे ठाऊक होते. त्याने ते गुप्त टिपणात लिहून ठेवले आणि ते टिपण १९६९ मध्ये जगासमोर आले. दरम्यान हॉल्स्टेड यांनी १९२२ पर्यंत शस्त्रक्रियेचे शास्त्रच बदलून टाकले. मग झाकले तेच बरे झाले, असे कोणी म्हणेल.

याचे उत्तर असे की, आपण हे शेवट माहीत असताना बोलत आहोत. ऑस्लरला शेवट माहीत नव्हता आणि मेजावरील रुग्णाला तर काहीच माहीत नव्हते. एका जहाजाने भोक असूनही किनारा गाठला, म्हणून भोक पाडणे वैध ठरत नाही. शिवाय हॉल्स्टेड यांच्या हितचिंतकांनी केवळ मौन पाळले नव्हते. त्यांना उपचारांसाठी रुग्णालयात दाखल केले गेले होते. त्या प्रयोगांत सामील झालेल्या त्यांच्या काही सहकाऱ्यांची कारकीर्द व आयुष्ये मात्र उद्ध्वस्त झाली. त्यांची नावे आज कोणी घेत नाही.

तेव्हा सांगणे हे कर्तव्य ठरते. परंतु कोणाला आणि कसे, याचीही मर्यादा आहे. संशयापासून व पाळतीपासून दूर राहण्याचा आदेश (४९:१२) इथेही लागू आहे. पाहिलेले तेवढेच सांगावे, ऐकीव सांगू नये. ज्याच्या हाती कामावरून दूर करण्याचा व उपचाराला पाठवण्याचा अधिकार आहे, त्यालाच सांगावे : विभागप्रमुख, रुग्णालयाचे प्रशासन. चहाच्या टपरीवर, नातेवाइकांत किंवा मोबाइलच्या गटांत त्याची चर्चा करणे हे चुगलीच होय. इमाम नववी (रह.) यांनी परनिंदा वैध ठरणारे सहा प्रसंग सांगितले आहेत, त्यांत वाईट रोखण्यासाठी मदत मागणे आणि लोकांना हानीपासून सावध करणे हे आहेत, मनोरंजन नाही. म्हणजे दोष झाकण्याची शिकवण रद्द होत नाही. अधिकाऱ्याला सांगायचे आणि बाजारापासून झाकायचे, असे तिचे या प्रसंगी रूप होते.

पापी की रोगी?

पुढचा प्रश्न त्याला वागवण्याचा. तो पापी आहे की रोगी? आपल्या समाजात उत्तर बहुधा एका शब्दात दिले जाते आणि तो शब्द शिवीसारखा असतो. प्रत्येक नशा आणणारी वस्तू निषिद्ध आहे, तिची अल्प मात्राही निषिद्ध आहे, यात तडजोड नाही. पहिली सुई टोचताना माणसाला निवड असते आणि त्याचा हिशेब अल्लाहपाशी आहे. पण काही आठवड्यांत शरीर त्या औषधाचे गुलाम होते, आणि मग सोडणे हे केवळ निश्चयाचे काम उरत नाही. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात : कृत्य पाप आहे आणि करणारा आजारी आहे. पापासाठी तौबा आहे, आजारासाठी उपचार आहे. एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

प्रेषितांच्या (स.) काळात अब्दुल्लाह नावाचे एक गृहस्थ मद्यपानासाठी वारंवार शिक्षेस पात्र ठरत. एकाने त्यांना शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला अडवले आणि या माणसाचे अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे, याची ग्वाही दिली (बुखारी). अशाच आणखी एका प्रसंगी, आपल्या बंधूविरुद्ध सैतानाला मदत करू नका, असे त्यांनी बजावले. शिक्षा झाली, पण माणूस समाजाबाहेर फेकला गेला नाही. एखाद्या घरातील डॉक्टर मुलगा व्यसनी निघाला, तर ते घर आधी ‘लोक काय म्हणतील’ याचा विचार करते आणि उपचाराचे महिने लपवण्यात घालवते. फेंटानिलच्या बाबतीत ते महिने मिळतातच असे नाही. अब्रू वाचवता वाचवता जनाजा उचलण्याची वेळ येते.

आणि आशा निराधार नाही. अमेरिकेत १६ राज्यांतील उपचार व देखरेख कार्यक्रमांत आलेल्या ९०४ डॉक्टरांचा पाच वर्षे मागोवा घेतला गेला. ज्यांची माहिती पाचव्या वर्षी मिळाली, त्यांपैकी सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के परवान्यासह वैद्यकी करीत होते. उपचार, नियमित तपासणी आणि कोणीतरी लक्ष ठेवून आहे ही जाणीव, हे त्यामागचे रहस्य. आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र दशकानुदशके हे काम करीत आहे. कायदाही दार बंद करीत नाही : अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वेच्छेने शासनमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे.

बरा झालेला भूलतज्ज्ञ पुन्हा त्याच शस्त्रक्रियागृहात जावा काय? शंभर हत्या करणाऱ्या माणसाची हदीस इथे मार्ग दाखवते. त्याने तौबेचा मार्ग विचारला, तेव्हा ज्ञानी पुरुषाने तौबेचे दार उघडे असल्याचे सांगितले आणि लगेच, ती वाईट वस्ती सोडून सज्जनांच्या वस्तीत जाण्यास सांगितले. क्षमा आणि स्थलांतर हे दोन्ही त्याच उत्तराचे भाग होते. ज्याचा हात फेंटानिलच्या कुपीपाशी थरथरतो, त्याने वैद्यकाची दुसरी शाखा निवडली, तर तो पराभव नव्हे. ती त्याची हिजरत आहे. समाजाने व घरच्यांनी ती त्याला सन्मानाने करू द्यावी.

घरांसाठी

आपली अनेक मुले-मुली आज वैद्यकीय, परिचर्या व ओटी तंत्रज्ञानाचे शिक्षण घेत आहेत. आपण त्यांच्या गुणांची, फीची आणि नोकरीची चौकशी करतो. त्यांच्या झोपेची, एकटेपणाची आणि मनावरील ओझ्याची चौकशीही केली पाहिजे. डॉक्टर झाला म्हणजे तो मोहापलीकडे गेला, असे समजणाऱ्या घरात मुलगा आपली दुर्बलता कधीच बोलू शकत नाही. जिथे दुर्बलता बोलता येते, तिथे पहिल्या सुईच्या आधीच हात धरता येतो.

आणि जे स्वतः त्या दारामागे काम करतात, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे : मेजावर झोपलेला माणूस हा काही तासांसाठी पूर्णतः अनाथ असतो. त्याच्या बाजूने बोलणारे तिथे कोणी नसते. अनाथाच्या संपत्तीविषयी अल्लाहने किती कठोर इशारा दिला आहे (४:१०), हे आपण जाणतो. मग अनाथ झालेल्या देहाची अमानत किती मोठी असेल?

अल्लाह आपल्या डॉक्टरांना जाणते आणि रक्षक दोन्ही बनवो, जे अडकले आहेत त्यांना सोडवो, आणि जे पाहतात त्यांना योग्य ठिकाणी बोलण्याचे व इतरत्र मौन राखण्याचे बळ देवो. आमीन.